पाव किलोचं सीमोल्लंघन

चौतीस वर्षं मी माणसांना 'का?' विचारून पोट भरलं. आधी भोसरीत आणि मग चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात मी होतो. एखाद्या ब्रॅकेटचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं सापडलं की मी सप्लायरला समोर बसवायचो, चहा मागवायचो आणि विचारायचो, भोक का सरकलं? ड्रिल हललं. का हललं? बुश झिजलं. का झिजलं? बदललं नाही. का बदललं नाही? असे ओळीने पाच 'का'. टोयोटावाल्यांची ही पद्धत आमच्या पट्ट्यात कालच्या ट्रेनीलाही तोंडपाठ असते. पाचव्या 'का'पाशी माणूस एक तर खरं बोलतो नाही तर रडतो. चहा दोन्ही वेळा गार होतो.

एक कारण मात्र मी उभ्या आयुष्यात मान्य केलं नाही. 'ऑपरेटरची चूक' असं लिहून आणलेला कागद मी तसाच परत करायचो आणि वर ऐकवायचो, "माणूस चुकणारच. त्याला चुकू देणारी व्यवस्था कोणाची, ते लिहून आणा." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की निरोपसमारंभात पोरांनी ते सोनेरी अक्षरांत फ्रेम करून दिलं. फ्रेम आमच्या मोशीच्या घरी हॉलमध्ये आहे. सध्या तिचं तोंड भिंतीकडे आहे.

त्याच समारंभात टूलरूमच्या पोरांनी मला एक मॅग्नेटिक ट्रे दिला. ताटलीएवढा, खाली दणदणीत चुंबक, म्हणजे काम करताना स्क्रू घरंगळून सोफ्याखाली जायला नकोत. मला एकूण भेटींपैकी हीच सर्वांत आवडली. घरी मी स्क्रू फारसे काढत नाही, तेव्हा ट्रे कपाटावर ठेवून त्यात रात्री चष्मा, किल्ल्या, स्टीलच्या पट्ट्याचं एचएमटी घड्याळ असं सगळं टाकायची सवय लागली. निवृत्त माणसाला दिवसातून एकदा तरी काहीतरी जागच्या जागी ठेवल्याचं समाधान लागतं.

ड्रोन नंतर आला. मी घरी बसल्यावर दुसऱ्याच महिन्यात सौ.च्या पोळीचा व्यास व्हर्नियरने मोजला आणि सहा पोळ्यांची सरासरी काढून दाखवली, त्या रात्री आतल्या खोलीतून चिरंजीवांना फोन गेला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात चिरंजीव एक खोकं घेऊन हजर. "बाबा, काहीतरी घराबाहेरचा छंद हवा तुम्हाला." 'बाहेरचा' या शब्दावर आई आणि मुलगा दोघांनीही जोर दिला.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे चार पंख्यांचं प्रकरण पहिल्यांदा पाहिलं ते 2009 साली, 'थ्री इडियट्स'मध्ये. तो उडता डबा मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या, आयडियाफोर्ज कंपनी काढणाऱ्या मुलांनी केला होता. तेव्हा थिएटरात मी सौ.ला म्हणालो होतो, "यात काय विशेष आहे?" हे वाक्य तिने सोळा वर्षं जपून ठेवलं होतं, ते मला पुढे कळलं.

ड्रोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर 246 ग्रॅम भरला. आपल्याकडच्या 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्यावर 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. म्हणजे पाव किलो शेंगदाण्यांहून हलकं विमान मी बिनपरवाना उडवू शकत होतो. रोज रात्री तो घड्या घालून ट्रेमध्ये ठेवायचो. ट्रेची पकड अशी की ड्रोन उचलला की ट्रेही वर यायचा! आल्यागेल्याला मी हे कौतुकाने दाखवायचो.

मी नियमाने चालणारा माणूस. ड्रोन कुठे उडवायचा याचा दोन रात्री अभ्यास केला. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय जमिनीवरून उचलायचाच नाही, 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांच्या वर जायचं नाही, त्यापुढे हिरव्या पट्ट्यात 400 फूट. एकीकडे लोहगाव, दुसरीकडे देहूरोडचं दारूगोळा कोठार, आमची मोशी मधोमध. कट्ट्यावर मी म्हणालो, "रेड झोनमध्ये ड्रोन उडवता येत नाही." आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये रेड झोन म्हटलं की कोठाराभोवतालची बांधकामबंदी आणि अडकलेले गुंठे एवढंच डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे शेजारचे काका कळवळून म्हणाले, "अरेरे! तिथे प्लॉट घेतलातच कशाला?" त्यांना ड्रोन समजावून सांगेपर्यंत त्यांनी मला दोन वकील सुचवले होते.

शेवटी ठरलं, चाकणच्या पलीकडे, आंबेठाण रस्त्याच्या बाजूला जायचं. मुहूर्त दसऱ्याचा, 2 ऑक्टोबर 2025. गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, वर गुरुवार. आमच्या एमआयडीसीत गुरुवार म्हणजे रविवार, तेव्हा ही सुट्टीवर सुट्टी आणि तिच्यावर सुट्टी. एरवी मोशीचा इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणला पोचेपर्यंत माणसाची दाढी वाढते, त्या दिवशी अर्ध्या तासात पोचणार होतो.

सकाळी रीतीप्रमाणे पूजा झाली. कंपनीत दसऱ्याला प्रेसला, लेथला, फोर्कलिफ्टलासुद्धा हार घालण्यात माझी हयात गेली. घरी पूजेला यंत्र म्हणून मिक्सर, सौ.चं शिलाई मशीन आणि ड्रोन. मी ड्रोन उलटा धरून त्याच्या पोटावर दोन गोल चकचकीत ठिपके होते त्यांवर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट लावलं, अंगाला आपट्याचं पान दोऱ्याने बांधलं आणि पाठीवर झेंडू चिकटवला. मग सवयीने काट्यावर ठेवला. 253! हळदकुंकू वाहताक्षणी आमचं विमान नॅनोतून मायक्रोत बढती पावलं होतं. मी झेंडूची एकेक पाकळी काढत गेलो. 252. 251. सूनबाई चहा घेऊन आली आणि काही न बोलता परत गेली. 249 वर थांबलो. क्वालिटीचा माणूस आहे, सहनमर्यादेच्या आत आणल्याशिवाय माल सोडत नाही.

ते दोन चकचकीत ठिपके म्हणजे ड्रोनचे खालचे डोळे होते. खालची जमीन पाहून जागेवर स्थिर राहायला असतात ते. मी त्यांना कपाळ समजलो.

चाकणला तळेगाव चौकातून जाताना मी नातवाला संग्रामदुर्गाबद्दल सांगितलं, की फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शाइस्ताखानाच्या अवाढव्य फौजेला या छोट्याशा भुईकोटापुढे जवळजवळ दोन महिने अडवून धरलं, आणि शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे खान आत आला. नातू म्हणाला, "म्हणजे हरले?" सौ. म्हणाली, "हरले, पण नाव राहिलं." पुढे संध्याकाळी हे वाक्य मला फार आठवलं, कारण माझ्या बाबतीत उलट होणार होतं.

आंबेठाण रस्त्याला आत, एमआयडीसीच्या एका मोकळ्या प्लॉटजवळ आम्ही थांबलो. सगळीकडे पावसाळ्यानंतरचं गुडघाभर गवत, पण गटाराच्या चेंबरवर मस्त सपाट काँक्रीटचं झाकण. हेलिपॅडच! गाडी शेजारी लावली, झाकणावर ड्रोन ठेवला. काँक्रीटच्या झाकणात लोखंडी सळ्या असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सिव्हिलवाल्यांशी सळ्यांच्या अंतरावरून मी एकदा दीड तास भांडलो आहे.

मोबाइलवर लाल पट्टी आली, होकायंत्राची पुन्हा जुळणी करा म्हणून. त्यासाठी ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मारायची, मग त्याचं नाक जमिनीकडे करून आणखी एक. खिशात किल्ल्यांचा जुडगा, मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, हातभर अंतरावर गाडी आणि समोर कुंकू लावलेला ड्रोन, अशा थाटात मी गोल फिरलो. सौ. गाडीतून म्हणाली, "एवढ्या प्रदक्षिणा चिंचवडला मोरया गोसावींना घातल्या असत्यात तर गुडघे तरी बरे झाले असते." लाल पट्टी गेली. मग परत आली.

"आजोबा, लाल दिसतंय."

"असंच असतं रे ते." मी 'ओके'वर बोट ठेवलं.

इथे जरा थांबतो, कारण हे सांगायला मला जड जातंय. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये एका पोराने मशीनचा अलार्म न वाचता बटण दाबून बंद केला म्हणून मी अख्खी शिफ्ट जमवून चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. त्या भाषणाचं शीर्षक होतं, 'अलार्म हा आपला मित्र आहे'.

ड्रोन उठला. सुरेख उठला, वीसेक फुटांवर स्थिर झाला, नातवाने टाळ्या वाजवल्या, मी सौ.कडे पाहिलं आणि तेवढ्या वेळात त्याने फेर धरला. आधी ताटाएवढा, मग परातीएवढा, मग मांडवाएवढा, मंगळागौरीत बायका धरतात तसा रुंदावत जाणारा फेर. याला या छंदात 'टॉयलेट बोल' म्हणतात, फ्लश केल्यावर पाणी फिरतं तसं म्हणून. मराठी प्रतिशब्द सणासुदीचा राहू दे. मी डावीकडची दांडी दाबली, उजवीकडची दाबली, डावं म्हणता तो उजवीकडे गेला कारण एव्हाना त्याचं तोंड माझ्याकडे होतं आणि न्हाव्याच्या आरशातल्यासारखं सगळं उलट झालं होतं, म्हणून मी स्वतःच पाठ फिरवली, म्हणजे दिशा जुळतील, तर आता ड्रोन दिसेना, म्हणून मान वळवली, तर उसण भरली, तेव्हा घाबरून रिमोटच्या दोन्ही अँटेना बंदुकीसारख्या ड्रोनवर रोखल्या आणि घरी परत बोलावण्याचं बटण जीव खाऊन दाबलं, त्यावर ड्रोन आज्ञाधारकपणे मीच ठरवून ठेवलेल्या 120 मीटर उंचीवर चढला, तिथे त्याला जमिनीवर नसलेला खमका वारा भेटला, आणि पडद्यावर माझ्यापासूनचं अंतर 200, 450, 700 असं वाढत वाढत 900 ला पडदा काळा झाला.

सौ. म्हणाली, "घरी म्हणजे कोणाच्या घरी?"

शेवटचं ठिकाण मोबाइलने दाखवलं ते टेकाडापलीकडे, भामा नदीच्या बाजूच्या एका वाडीचं. गाडी जाईल तिथवर गाडीने, मग सोयाबीनच्या बांधावरून मी पायी निघालो. वाडीच्या तोंडाशी पंधरावीस माणसं गोठ्याकडे पाहत अर्धवर्तुळात उभी होती. गोठ्याच्या पत्र्यावर माझा ड्रोन. अगदी धड, बॅटरी संपत आल्यावर आपणहून हळूच उतरलेला. कोणीही हात लावला नव्हता.

"काय हुडकताय?"

"ड्रोन. तो... तो माझा आहे."

"मोजणीचा का?"

खेड तालुक्यात हा प्रश्न साधा नाही. रिंगरोड, नाशिकची रेल्वे, एमआयडीसीचा पुढचा टप्पा. विमानतळ तर याच भागात व्हायचा होता तो विरोधामुळे पुरंदरला गेला, आणि तिथे त्याच वर्षी मे महिन्यात ड्रोनने मोजणी करायला गेलेल्यांची आणि गावकऱ्यांची जुंपली होती. त्याच्याही आदल्या पावसाळ्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे रात्री ड्रोन घिरट्या घालताहेत म्हणून गावं जागत होती. अशा मुलखात सणाच्या दिवशी मी आकाशातून पाव किलो संशय पाठवला होता.

"मोजणीचा नाही हो, छंद आहे माझा."

यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. साठीचा माणूस, हातात रिमोट, पायात फॉर्मल बूट. एकाने तर मला बाजूला घेऊन चुलतभावाने बांध कसा दीड हात कोरला ते दाखवलं आणि मोजणी करायचीच तर एवढं नीट धरा म्हणाला. पण हात कोणी का लावला नव्हता, ते एका आजीबाईंनी सांगितलं. "आरं, हळदकुंकू हाय त्याला. पान हाय, फूल हाय, दोरा गुंडाळलाय. कुनीतरी उतारा टाकलाय."

वाडीत सरळ दोन तट पडले होते. तरुण म्हणत होते, सरकारी मोजणी आहे. म्हातारे म्हणत होते, करणी आहे. मधल्या वयाच्या एका समंजस गृहस्थांनी दोन्ही बाजू ऐकून तोडगा काढला होता: मोजणीवाल्यांनीच करणी केली आहे.

पोलीस पाटील आले. रीतसर विचारपूस झाली. "तुमचाच कशावरून?" ड्रोनवर नाव नाही, नंबर घरच्या फायलीत. शेवटी त्यातलं कार्ड काढून मोबाइलवर चित्रण लावलं. पंधरा डोकी माझ्या खांद्यांवरून वाकली. वरून घेतलेलं स्वच्छ दृश्य: चेंबर, गाडी, टाळ्या वाजवणारा नातू आणि मधोमध एक टक्कल, जे ड्रोन पूर्वेला चाललेला असताना रिमोट उंचावून पश्चिमेला धावत होतं. पाटलांनी चित्र थांबवलं, माझी टोपी काढायला लावली, मोबाइल आणि डोकं दोन्हींकडे शांतपणे पाहिलं.

"जुळतंय," ते म्हणाले.

शिडी आली, ड्रोन खाली आला. आजीबाईंनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या. आन् ते बी घेऊन जावा."

घरी आल्यावर मी जेवलोसुद्धा नाही. अशा वेळी आमच्या धंद्यात एट-डी रिपोर्ट करतात, आठ पायऱ्यांचा. पहिल्या पायरीत चौकशीची टीम लिहायची: मी. दुसरीत घटनेचं वर्णन: काय, कुठे, कधी, किती. 'किती'समोर लिहिलं, एक नग. मग डायनिंग टेबलावर मोठा कागद पसरून इशिकावांची ती माशाच्या सांगाड्याची आकृती काढली. डोक्याशी 'ड्रोन पळाला', आणि काट्यांवर माणूस, यंत्र, माल, पद्धत, मोजमाप, निसर्ग. अनुभवाने सांगतो, 'माणूस' हा काटा सोडून बाकीचे पाच काटे आधी भरायचे असतात.

निसर्गापासून सुरुवात केली. सूर्यावरची वादळं जीपीएसला आणि होकायंत्राला गोंधळात टाकतात, आणि मे 2024 मध्ये तर दोन दशकांतलं सर्वांत मोठं सौर वादळ आलं होतं, लडाखमधल्या हानलेहून आकाश लाल दिसलं होतं. मी उत्साहाने 'सूर्य' लिहिलं. मग लक्षात आलं, त्याला सतरा महिने होऊन गेले. सूर्य खोडला. कारखान्यांच्या वायफायची गर्दी लिहिली. ड्रोनचा रिमोट बहुधा वायफायच्याच पट्ट्यात बोलतो, त्यामुळे गजबजलेल्या ठिकाणी संपर्क तुटतो हे खरं आहे. पण गुरुवार, दसरा, गांधी जयंती. त्या दिवशी एमआयडीसीत वॉचमनशिवाय कोणी नव्हतं. तेही खोडलं. अँटेनाचं मात्र खोडता येईना. अँटेनाचा सिग्नल बाजूंनी बाहेर पडतो, टोकाच्या दिशेला सर्वांत कमी. म्हणजे मी ज्या आवेशाने टोकं ड्रोनवर रोखली होती, त्या आवेशाने त्याचा आवाज बंद केला होता. दूरदर्शनच्या काळात गच्चीवर अँटेना फिरवत "आलं का?" ओरडण्यात माझं तारुण्य गेलं, तरी ही अक्कल आली नाही.

मग संगत शोधली. जगात मी एकटा नाही, हे कळल्यावर रात्री बारा वाजताही बरं वाटतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी नौदलाचं अख्खं बिनमाणसाचं हेलिकॉप्टर संपर्क तुटून वॉशिंग्टनच्या बंदी असलेल्या आकाशात शिरलं होतं. जानेवारी 2015 मध्ये एका सरकारी नोकराचा छंदाचा ड्रोन मध्यरात्री थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पडला. तपासात निघालं की तेव्हा तो त्याच्या हुकमात नव्हताच, आणि त्याच्यावर खटला भरला नाही. 2019 च्या जुलैमध्ये इंग्लंडात गुडवुडला 95 किलोचा प्रात्यक्षिकाचा ड्रोन बिथरला, बंद करायचं बटण चाललंच नाही, तो सुमारे 8,000 फुटांवर चढून गॅटविकच्या विमानांच्या टापूत गेला आणि बॅटरी संपल्यावर घरांपासून 40 मीटरवर शेतात आदळला. तिथल्या विमान अपघात तपास विभागाने त्याचा असा काही अहवाल लिहिलाय की माझ्यासारख्याला वाचताना घास गोड लागावा. सौ.ला सांगितलं, "बघ, अमेरिकेचं नौदलसुद्धा." ती म्हणाली, "त्यांनी कुंकू लावलं होतं का?"

शेवटी 'यंत्र' हा काटा. आणि इथे गोष्ट मला खरोखर आवडायला लागली. ड्रोनला दोन गोष्टी कळाव्या लागतात: मी कुठे आहे आणि माझं तोंड कुठे आहे. पहिलं जीपीएस सांगतो, वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून. दुसरं जीपीएसला एका जागी उभं राहून कळत नाही. ते होकायंत्राने सांगायचं. म्हणजे तुम्ही चाकणच्या तळेगाव चौकात उभे आहात हे उपग्रह सांगेल, पण तोंड तळेगावकडे की शिक्रापूरकडे, हे ज्याचं त्याला ठाऊक हवं. आता समजा तुमची दिशाच चुकलीय आणि कोणी सांगितलं, पुण्याकडे दोन पावलं सरका. तुम्ही नाशिककडे सरकलात. मग चूक वाढली, म्हणून चार पावलं सरका. तुम्ही आणखी नाशिककडे. ड्रोनचं हेच होतं. दिशा थोडी चुकली तर तो सावरतो, काटकोनाच्या आसपास चुकली की फेर धरतो, त्याहून चुकली की जितका सावरायला जातो तितका लांब पळतो. काही शहाणे ड्रोन अशा वेळी होकायंत्राचा नाद सोडून नुसता तोल सांभाळतात आणि वारा नेईल तिकडे जातात. आमच्याने आधी एक केलं, मग दुसरं. पळून वगैरे तो गेलाच नव्हता. जीव तोडून जागेवर राहायचा प्रयत्न करत होता बिचारा.

मग पाच 'का'. का पळाला? होकायंत्र चुकलं. का चुकलं? आसपास लोखंड. पण लोखंड खाली राहिलं, वर गेल्यावर का सुधारलं नाही? कारण बिघाड ड्रोनच्या अंगातच होता, त्याचे स्क्रूच चुंबक झाले होते. पृथ्वीचं चुंबकत्व ते केवढं, आपल्या फ्रिजवरच्या लोणावळ्याच्या चुंबकापुढे शंभराव्या हिश्श्याचंही नाही; चार चुंबकलेले स्क्रू त्याला सहज गप्प करतात. स्क्रू चुंबक का झाले?

मी कपाटाकडे पाहिलं. घरी आल्याआल्या सवयीने ड्रोन ट्रेमध्येच ठेवला होता.

चौथा 'का' तिथे संपला. पाचवा विचारायची हिंमत होईना, म्हणून मी 'पद्धत' या काट्याखाली लिहिलं, 'साठवणुकीची व्यवस्था सदोष'. सौ. मागे उभी राहून वाचत होती. "व्यवस्था कोणाची," ती म्हणाली, "ते लिहून आणा." तेव्हा ती फ्रेम भिंतीकडे फिरवली.

चूक होऊच नये अशी रचना करायची, त्याला जपानीत पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगोंनी 1960 च्या दशकात मांडलेल्या या कल्पनेचं आधीचं नाव होतं बाका-योके, म्हणजे मूर्खापासून संरक्षण. कामगारांना अपमान वाटतो म्हणून ते बदललं. प्रशिक्षणात ही गोष्ट मी शेकडो पोरांना रंगवून सांगितली आहे. सुधारणेच्या रकान्यात मी बरंच लिहिलं: ट्रे माळ्यावर जाईल, ड्रोन लाकडी खोक्यात, उड्डाण मातीवरून, किल्ल्या गाडीत, हळदकुंकू पाठीवर. सर्वांत वर, जुनं नाव वापरून, 'बाका-योके' असं शीर्षक दिलं. नातवाने 'माणूस' या रिकाम्या काट्यावर केव्हातरी स्केचपेनने टक्कल असलेला चेहरा काढून ठेवला होता. तो मी तसाच ठेवला. मोजमाप बरोबर होतं.

सातव्या पायरीत एक ठरलेला प्रश्न असतो: हाच दोष आणखी कुठे असू शकतो? कंपनीत यावरून मी लोकांना शेजारच्या लाइनवर पिटाळायचो. घरात कसली आलीय लाइन. लिहिलं, 'इतरत्र कुठेही नाही.' सही केली, तारीख घातली, वेळ लिहायला मनगट पाहिलं तर घड्याळ हातात नव्हतं. घरी आल्यावर काढून ठेवलं असणार. तसाही महिनाभर त्या घड्याळाने वैताग आणलाय. रोज दहा-बारा मिनिटं पुढे पळतं. मी सगळीकडे आधी पोचतो आणि बसून राहतो. घड्याळजीला सलग पाच वेळा 'का?' विचारलं, तर त्याने शटर खाली ओढलं.

"अहो, झोपा आता," आतून आवाज आला. "किती वाजले?"

कपाटाशी गेलो. "एक वाजून दहा."

"मोबाइलात एकच वाजलाय."

मी घड्याळ उचललं. ट्रेही वर आला.